हनुवटीवरचे तीन ठिपके

तेव्हा मी महाडमध्ये वार्ताहर होतो. कार्यालयातल्या संगणकावर फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर आलं होतं. ते शिकून पंधरा दिवस झाले होते, म्हणजे मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो होतो.

उमरठच्या वरच्या वाडीतली एक बाई आईचा एकुलता एक फोटो घेऊन आली. फोटोला बुरशी लागली होती आणि तो वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचा होता. ती पदराच्या टोकाने फोटोच्या कडा पुसत होती, चेहऱ्याला मात्र पदर लागू देत नव्हती. मी चेहऱ्यावरचा एकेक डाग काढला, प्रिंट तिच्या हातात दिली आणि कौतुकाची वाट पाहिली.

तिने प्रिंट लांब धरली, मग जवळ धरली. "बाय देखनी हाय. पन सायेब, ही माजी आय नाय. गोंदान कुटं गेलं?"

"कसलं गोंदण?"

"मेल्यावर मानसाबरोबर तेवडंच जातं. तुमी नेमकं तेवडंच काडलंत."

मूळ फोटोत बुरशी कोणती आणि गोंदण कोणतं, ते मला कळेना. तिने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "आयनं तिच्यासारकंच माजं गोंदवून घेतलं. हितं बगा."

तीन हिरवे ठिपके होते. ती तासभर माझ्यासमोर बसली होती, आणि मला पगार बारकाईने पाहण्याचा मिळत होता.

तिच्या हनुवटीकडे बघत मी ठिपके परत ठेवले. नवी प्रिंट तिने कपाळाला लावली. "आता आय वळखंल मला," म्हणाली आणि गेली.

नाव विचारल्याशिवाय वार्ताहराने कुणाला सोडू नये. मी तिचं नाव विचारलंच नाही.