नानांचा ट्रक आणि माझा गप्प प्रोग्राम

ईमेल-गटातल्या मंडळींनो, आज मला खुशाल शिव्या घाला.

फैजपूरच्या केळी संघाचा प्रोग्राम मीच लिहिलाय. संध्याकाळी ट्रकची मागणी भरून ठेवायची, पहाटे मशीन आपोआप मॉडेमवरून ती जळगावच्या ट्रकवाल्याला पाठवतं. पोचली तर 'गेली' छापतं, लाइन लागली नाही तर 'नाही गेली'. "काही अडचण आली तर मशीन सांगेल," असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

आज लाइन लागली आणि मध्येच तुटली. याचा मी विचारच केला नव्हता. प्रोग्राम तिथेच अडकला, काहीच छापलं नाही. अडचण दिसत नाही म्हणजे मागणी गेली, असं संघातल्यांना वाटलं. तिथले जुने बागायतदार नाना, त्यांनी केळी कापायला लावली. घड बांधावर पडले, ट्रकचा पत्ता नाही. कापलेला घड परत झाडाला लावता येत नाही हो.

सकाळी नानांचा फोन आला तेव्हाच काय झालं असेल ते मला कळलं. मी ऑफिसातल्या सोबत्याला सांगायला लावलं, "साहेब बाहेर गेलेत." असं तीनदा.

दुपारी नाना एस्टीनं जळगावला माझ्या ऑफिसात आले. आवाज न चढवता म्हणाले, "भाऊ, मशीन 'नाही' म्हटलं असतं तर मी कापणी थांबवली असती. तू 'नाही' म्हटलं असतं तर दुसरा ट्रक बघितला असता."

प्रोग्राम दुरुस्त केलाय. आता काहीही बिघडलं तरी तो सांगतो.

माझ्यात काय दुरुस्त करू, ते तुम्ही सांगा.