कुलूप फोडणाऱ्या लीलाताई

लीलाताई भोईर गेल्याची बातमी मला वाचनालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. ज्या ग्रुपमधून त्यांना वर्षभरापूर्वी काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर. सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर आमच्या कार्यवाहांनी तेवत्या समईचं चित्र टाकलेलं आणि त्याखाली ओळ : 'भिवंडीच्या वाचनसंस्कृतीचा आधारवड कोसळला.' मग एकामागून एक हात जोडलेले. एका सदस्यानं न वाचताच 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं आणि थोड्या वेळानं पुसलं. ज्या माणसांनी या बाईला 'शिस्त नसलेली' म्हणून घरी बसवलं, ती आता तिच्यासाठी समई शोधत होती. मी फोन पालथा घातला.

या गोष्टीला दीड महिना झाला. मी कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झालो आणि वेळ जात नाही म्हणून वाचनालयाच्या समितीवर आलो. लीलाताई वेगळ्या वाटेनं आल्या. कल्याण रस्त्यावरच्या कोन गावात भोईरांची भातशेती होती. तिथे गोदामं उभी राहिली आणि यजमान गेल्यावर त्या गोदामांचा सगळा कारभार ताईंनी हातात घेतला. वाचनालयाचं छप्पर गळत होतं, तेव्हा समितीची मंडळी त्यांच्या दारात गेली. ताईंनी छप्पर करून दिलं आणि मंडळींनी त्यांना समितीत घेतलं. अपेक्षा एवढीच, की त्यांनी वर्धापनदिनाला पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसावं आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी जावं. पण ताई प्रत्येक सभेला येऊ लागल्या. वर प्रश्न विचारू लागल्या.

त्या मोठ्या वाचक होत्या असं आता जो तो म्हणतो आहे, ते खोटं आहे. "पुस्तक उघडलं का मना झोप येते," असं त्या भर सभेत सांगायच्या. पेपर मात्र रोज वाचायच्या, त्यातही आधी जमिनीच्या नोटिसा. त्या नम्र नव्हत्या, गोड बोलायच्या नाहीत, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायच्या नाहीत. पण समोर जे दिसतं ते त्यांना दिसायचं, आणि आमच्या समितीत ही गोष्ट फार दुर्मीळ होती.

समितीचं काम म्हणजे दर महिन्याला जमून वाचनसंस्कृती लोप पावते आहे याचं दुःख करायचं आणि बटाटवडे खायचे. 'आजची पिढी मोबाईलमध्ये बुडाली आहे' हे वाक्य अध्यक्ष दर सभेत म्हणत, आणि म्हणताना एक डोळा स्वतःच्या मोबाईलवर असे. वाचनालय उघडं कधी, तर सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी चार ते सात. येणारे तेच निवृत्त लोक, तेही पेपरसाठी. मग आधुनिकीकरणासाठी अनुदान आलं आणि मंडळींच्या अंगात वारं शिरलं. काचेचं दार, एसी, संगणक, भिंतीवर सोनेरी अक्षरांत 'ई-ग्रंथालय'. उद्घाटनाला पाहुणे आले, त्यांनी फीत कापली, एका संगणकासमोर बसून फोटो काढून घेतला. तो संगणक चालू नव्हता. दुसऱ्या दिवशी संगणकांवर कापडं चढली आणि दाराला कुलूप लागलं. कारण विचारलं, तर आसपासच्या यंत्रमागांची, म्हणजे लूमची, रुई उडते, मशीन खराब होतात. आणि मुलं नको ते बघतात.

ताईंनी एक वेगळंच काम सुरू केलं. वाचनालयाच्या जिन्याखाली चहाची टपरी आहे, तिथे त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायच्या, "वर का न्हाय येत?" एकदा मी सोबत होतो. रात्रपाळी करून आलेला एक लूम कामगार चहा पीत होता. त्यानं अदबीनं उत्तर दिलं, "मैडम, आपका दुकान खुलता है तब हम सोते हैं. जब उठते हैं तब लूम पे जाते हैं." वाचतोस का, असं ताईंनी विचारलं. तो हसला आणि फोन पुढे केला. गोरखपूरकडच्या बातम्या, एक हिंदी कादंबरी, धाकट्या भावाच्या भरतीच्या परीक्षेचे प्रश्न, सगळं त्या फुटक्या काचेत होतं. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, ह्ये समदे वाचतात. आपल्याकडंच येत न्हाय, बस."

पुढच्या सभेत त्यांनी मागण्या मांडल्या. सकाळी पाळी सुटते तेव्हा दार उघडा. फोनवर वाचणाऱ्यांना टेबल, खुर्ची आणि चार्जिंगला प्लग द्या. मराठीसोबत हिंदी-उर्दू पेपर ठेवा. आणि ते काचेचं दार उघडा. सभेत अशी काही कुजबुज झाली की जणू बाईंनी पुस्तकं जाळायला सांगितलं. कार्यवाह म्हणाले, मोबाईलवर वाचणं हे वाचन नव्हे. अध्यक्षांनी समजुतीचा सूर लावला : "लीलाताई, हे ग्रंथालय आहे. वेटिंग रूम नाही."

"वेटिंग रूममधी मानसं तरी असतात," ताई म्हणाल्या.

विषय पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. आमच्याकडे विषय असेच मरतात.

पावसाळ्यानंतरची गोष्ट. रेश्मा नावाची एक मुलगी रोज जिन्यात बसून पोलीस भरतीचा अभ्यास करायची. घर एका खोलीचं, खाली लूम, दिवसभर खडखड. तिच्या सोबत आणखी दोघी-तिघी असत. परीक्षा तोंडावर आली होती आणि सराव चाचण्या संगणकावर द्यायच्या होत्या. ताई जिना चढत असताना त्यांना या मुली दिसल्या. वर संगणक कापडाखाली, खाली या मुली पायऱ्यांवर. ताईंनी शिपायाकडे चावी मागितली, तर चावी अध्यक्षांच्या खिशात आणि अध्यक्ष गणेशपुरीला, गरम पाण्याच्या कुंडावर. ताईंनी फोन लावला. पलीकडून अध्यक्ष म्हणाले, "आत्ता मी कुंडात आहे. उद्या-परवा बघू."

ताईंनी फोन ठेवला आणि ड्रायव्हरला सांगितलं, "गाडीतला हातोडा आन."

दोन घावांत कुलूप तुटलं. ताईंनी स्वतः संगणकांवरची कापडं ओढून काढली, झटकली आणि मुलींना म्हणाल्या, "बसा. कोनी बोललं तं माझं नाव सांगा." मी तिथे पोचलो तेव्हा त्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि आत पहिल्यांदाच त्या संगणकांवर कुणीतरी काहीतरी वाचत होतं.

तातडीची सभा लागली. छप्पर गळताना जी मंडळी महिनोन्महिने जमली नव्हती, ती कुलपासाठी दोन दिवसांत जमली. 'संस्थेच्या मालमत्तेची हानी' असा ठरावाचा मथळा होता आणि खाली ताईंना समितीतून काढण्याचं कलम. कार्यवाहांनी खुलासा मागितला. ताई म्हणाल्या, "खुलासा कसला? दार बंद होतं, ते खुलं केलं." ठरावाच्या विरोधात मी आणि आणखी एक सदस्य, दोघंच. बाकी सगळ्यांनी हात वर केले, काहींनी तर वडा खाली न ठेवता. ताई उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या. दाराशी थांबून त्यांनी वर छपराकडे एकदा पाहिलं... तेवढंच. पुढे रेश्मा त्या परीक्षेत नापास झाली, तेव्हा अध्यक्ष मला म्हणाले, "बघा, कुलूप फोडून काय मिळालं?" या माणसानं शहराच्या वाचनाची काळजी वाहिली अशी त्याच्या लेटरहेडवर नोंद आहे.

ताईंचं कोनमधलं एक गोदाम तेव्हाच रिकामं झालं होतं. त्यांनी ते परत भाड्यानं दिलं नाही, तिथेच वाचायची जागा केली. मोठा मुलगा चिडला, "आई, इथे माल भरायचा सोडून तू पेपर काय भरतेस?" सून वैशाली मात्र सासूच्या बाजूनं उभी राहिली. प्लायवूडची टेबलं, भिंतीला ओळीनं प्लग, मोठे पंखे, तीन भाषांतले पेपर, मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं. पहाटे पाळी सुटायच्या आधी दार उघडायचं. सगळंच जमलं असं नाही. घरी नेलेली पुस्तकं पुष्कळदा परत येत नसत, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नसे. पण रेश्मा तिथे आली, पुन्हा परीक्षेला बसली आणि निवड झाल्यावर पेढे घेऊन आली. माझ्याखेरीज समितीतल्या एकाही माणसानं तिथे पाऊल टाकलं नाही. 'गोदामातली लायब्ररी' म्हणून ते हसत राहिले, काचेच्या दाराबाहेर उभं राहून.

शोकसभा त्याच वाचनालयात झाली. तसबिरीला मोठा हार होता. अध्यक्षांनी कापऱ्या आवाजात जाहीर केलं, की ई-ग्रंथालयाला लीलाताईंचं नाव देण्यात येईल. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. वैशाली पहिल्या रांगेत होती. तिनं बसल्या जागेवरून विचारलं, "ते आता रोज उघडं असतं का?"

कार्यवाह म्हणाले, "म्हणजे... नवीन कुलूप बसवलंय. सुरक्षेसाठी."

"मग आईंचं नाव नको," वैशाली म्हणाली. तिनं नमस्कार केला आणि ती निघाली. मीही तिच्यामागे जिना उतरलो. तेव्हापासून मी तिथे गेलेलो नाही.

परवा सकाळी मी कोनला गेलो. मुलानं अजून ती जागा मागितलेली नाही, पुढचं सांगता येत नाही, असं वैशाली म्हणाली. टेबलं जवळजवळ भरली होती. रात्रपाळीवरून आलेला एक कामगार पेपरवर डोकं ठेवून गाढ झोपला होता. केसांत कापसाचे तंतू, फोन प्लगला लावलेला. नव्यानं येऊ लागलेला कॉलेजचा एक विद्यार्थी जागा शोधत त्याच्यापाशी आला आणि त्याला उठवायला त्यानं हात पुढे केला. पलीकडच्या टेबलावर एक मुलगी गणितं सोडवत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं,

"राहू दे त्याला. ताई उठवू देत नाहीत."