चहाचे उद्यापन

पुण्याच्या स्टेशनवर मला पोचवायला माझी मुलगी सुधा आली होती. गाडी सुटायला अवकाश होता. तिने खिडकीच्या गजांना धरून हळूच म्हटलं, "बाबा, तिथे तत्त्वं जरा पिशवीतच ठेवा."

"तत्त्वं म्हणजे छत्री आहे का, आभाळ पाहून मिटायला?" मी म्हणालो. ती हसली नाही. माझ्या विनोदाला सुधा हसत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

प्रकरण असं होतं. वसंत नावाचा एक मुलगा पुण्याच्या शेतकी कॉलेजात नोकरीला होता. त्याने सुधाला पाहिलं, सुधाने त्याला पाहिलं, दोघांचीही पसंती झाली. त्याचं घर बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीचं. आता मुलीच्या बापाने जाऊन घर पाहायचं आणि होकार सांगून यायचं, एवढंच काम उरलं होतं. पण सरळ कामं वाकडी करण्यात माझा हात धरणारा आमच्या आळीत दुसरा कोणी नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे. तिचं नाव इंदिरा.

कॉलेजात असताना मी काही नेम धरले होते. चहा प्यायचा नाही. बाजारचं खायचं नाही. आपलं ओझं दुसऱ्याला उचलू द्यायचं नाही. हुंडा घ्यायचा नाही, द्यायचाही नाही. त्याला पंचवीस वर्षं उलटली, केस गेले, ढेरी आली, पण नेम होते तिथेच होते. लोक मला तत्त्वनिष्ठ म्हणत. घरचे काय म्हणत ते मी कधी विचारलं नव्हतं.

मनमाडला गाडी बदलली. फलाटावर सकाळची थंडी होती आणि चहावाले अगदी माझ्या नाकासमोरून फिरत होते. माझ्या बाकावरच्या एका व्यापाऱ्याने न विचारता माझ्यापुढे कप केला. मी मान हलवली. "पोट बिघडलं काय?" त्याने कळवळून विचारलं. मी तत्त्व सांगितलं. त्यानंतर भुसावळ येईपर्यंत तो माझ्याशी फार जपून बोलत होता.

मलकापूर गेलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली. कपाशी फुटलेली होती, तूर पिवळ्या फुलांवर आली होती, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ गाडीबरोबर चालली होती. नवा महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्या शाळेतला भिंतीवरचा नकाशा नुकताच बदलला होता. त्या नकाशावर मी मुलांना छडीने वऱ्हाड दाखवत असे, पण स्वतः पाहत होतो ते पहिल्यांदाच.

नांदुऱ्याला उतरलो. फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या आणि हवेत तंतू तरंगत होते. जरा वेळाने माझी काळी टोपी पांढरी दिसू लागली. मला न्यायला वसंताचा चुलतभाऊ सुपडा दमणी (बैलांची हलकी गाडी) घेऊन आला होता. चांगला उंचापुरा, मिशाळ गडी. त्याने रामराम केला आणि बॅगेला हात घातला. मी बॅग मागे ओढली.

"राहू द्या. माझं ओझं मी उचलतो."

"असं काऊन, मास्तर?" तो घाबरून इकडेतिकडे पाहू लागला. "पाव्हणा बॅग घेऊन चालून राह्यला अन् मी रिकाम्या हातानं! बाजारातले लोक काय म्हनतीन मले?"

ओढाताणीत बॅगेची कडी तुटली आणि माझं धोतर, पंचा आणि दाढीचं सामान नांदुऱ्याच्या रस्त्यावर पसरलं. दोन हमाल, एक म्हातारी आणि सुपडा असे सगळे मिळून वेचू लागले. म्हणजे माझं ओझं शेवटी चौघांनी उचललं. बॅग दोरीने बांधून दमणीत बसलो, तरी ती मी मांडीवरच ठेवली. सुपडाने बैल हाकले. मग मागे न पाहता म्हणाला, "मास्तर, मांडीवर घेतली तरी वझं बैलच वाहून राह्यले." मी बॅग खाली ठेवली.

वडनेरचं घर धाब्याचं, प्रशस्त, शेणाने स्वच्छ सारवलेलं. वसंताचे वडील तुळशीरामजी ओसरीवर वाट पाहत बसले होते. डोक्याला पांढरा फेटा, बोलणं मोजकं. वसंताची आई तो लहान असतानाच गेली. तेव्हापासून घर चालवतात त्या तुळशीरामजींच्या थोरल्या बहीण, सरूआत्या. ठेंगण्या, काटक, आवाज मात्र साऱ्या वाड्यावस्तीला पुरेल असा. त्यांनी मला पाण्याचा तांब्या दिला, पायांना ऊन पाणी दिलं, सुधाच्या शिक्षणाची चौकशी केली आणि मग स्वतःच्या हाताने बशीत मांडून कप आणला. निव्वळ दुधाचा चहा, वर जाड साय, वेलदोड्याचा वास.

"मी चहा घेत नाही," मी म्हणालो. सवयीने जरा ताठ बसूनच म्हणालो.

आत्याबाई जागच्या जागी थांबल्या. तुळशीरामजींनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. कप आत गेला. त्यानंतर आम्ही कापसाच्या भावावर, थंडीवर आणि पुण्याच्या धरणावर बोललो. सोयरिकीची गोष्ट कोणीच काढीना. मला वाटलं, वऱ्हाडी माणसं भिडस्त असतील, जेवणानंतर काढतील. तेवढ्यात तुळशीरामजींनी हाक दिली, "सुपड्या, दमणी जुप. पाव्हण्यायले दुपारची गाडी सापडन."

मी उठून अंगणात गेलो. सुपडा खाली मान घालून बैल जुंपत होता.

"अहो, मी तर मुक्कामाला आलोय. झालं काय?"

"व्हाचं काय?" तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "आमच्या इकडं पोरीचा बाप घर पाह्याले येते. तोंडानं कोनी नाई म्हनत नाई, समोरच्याचा अपमान होते. पसंत असन तं चहा घेते, नसन तं घेत नाई. तुमी नाई घेतला. संपलं. वसंताले आता कोन सांगन, काय मालूम."

 मी एक कप नाकारून माझ्या मुलीचं लग्न मोडलं होतं. स्टेशनवरचा सुधाचा न हसणारा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी अक्षरशः धावत ओसरीवर गेलो.

"घर पसंत आहे!" मी ओरडलो. "मुलगा पसंत, माणसं पसंत, सगळं पसंत! लग्न पुण्यात करू. तुम्ही सगळे आगगाडीने या!"

आत्याबाई दारात आल्या. तुळशीरामजींचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "लग्न पुण्यात असन तं माह्याशिवाय करा," ते म्हणाले. "मी आगगाडीत बसत नाई."

"का बरं? गाडी लागते?"

"नेम हाये. चले जावच्या टायमाले धरला होता. इंग्रजाच्या गाडीत पाय ठेवाचा नाई म्हंजे नाई. गाडी रोज माह्या वावराच्या (शेताच्या) कडेनं जाते. मी तोंड फिरवून उभा राह्यतो."

मला हसू आवरेना. मुलीचं लग्न टांगणीला लागलेलं असताना मी तिथे खो खो हसलो. "अहो तुळशीरामजी, इंग्रज कधीच गेले! गाडी आता तुमचीच आहे. तुम्ही कुणावर रुसून बसलाय?"

तुळशीरामजी गोरेमोरे झाले. मी विजयी मुद्रेने आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"अन् मास्तर," त्यांनी विचारलं, "तुमी चहा काऊन सोडला होता?"

मी तोंड उघडलं. उत्तर गेली कित्येक वर्षं पाठ होतं. कॉलेजात असताना एका सभेत ऐकलं होतं, की चहाचे मळे गोऱ्या साहेबांचे, आपल्या मजुरांना तिथे गुरासारखं राबवतात. त्याच दिवशी सोडला होता. आता ते उत्तर तोंडातून बाहेर काढायची लाज वाटू लागली.

"इंग्रजांमुळे," मी पुटपुटलो.

आत्याबाईंनी पदर तोंडात धरला, पण तो पुरला नाही. त्या खांबाला टेकून हसल्या. त्यांच्यामागून सुपडा हसला, मग तुळशीरामजी, आणि शेवटी मीही. "बाप्पा! दोघंही याही (व्याही) एकाच इंग्रजावर रुसून बसले!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "उद्यापन केलं नाई ना?"

"चहाचं कसलं उद्यापन?"

"नेम तो नेम. मी सोळा सोमवार केले, उद्यापन केलं, मोकळी झाली. बिगर उद्यापनाचा नेम तसाच अंगावर राह्यते. कशासाठी धरला ते इसरून जाते मानूस, नुसतं वझं वाहते."

दमणी पुन्हा जुंपली गेली, पण स्टेशनसाठी नाही. माझा होकार गृहीत धरून आत्याबाईंनी सकाळीच वावरात रोडग्यांची तयारी केली होती. (रोडगे म्हणजे जाड्याभरड्या कणकेचे पदर सुटणारे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले.) निंबाखाली मारुतीचा शेंदरी दगड होता. शेजारी विस्तव रसरसत होता, एका भांड्यात वांग्याची झणझणीत भाजी, दुसऱ्यात वरण. मारुतीला नैवेद्य दाखवून आत्याबाईंनी आम्हा दोघांना पाटावर बसवलं.

"आता नेमानं तुमाले काय देलं ते आठवा," त्या म्हणाल्या. "त्याले हात जोडा. मंग सोडा. शिव्या देऊन सोडाचा नाई."

मला हे सगळं गमतीचं वाटत होतं, पण डोळे मिटल्यावर वेगळंच झालं. मला हॉटेलसमोरून मान ताठ करून जाणारा एक हडकुळा पोरगा दिसला. त्याच्याकडे पैसा नव्हता, कुणाची ओळख नव्हती, इंग्रजी धड येत नव्हतं. पण तो 'नाही' म्हणू शकत होता, आणि त्या एका शब्दावर तो शहरात टिकला. त्या पोराबद्दल मला फार माया वाटली. मनातून भीतीही वाटली. हा नेम सुटला तर बाकीचे राहतील का? मी तोच माणूस राहीन का?

मी आत्याबाईंना तसं बोलून दाखवलं. त्यांनी विस्तवातला रोडगा उलथला. "एकेक हातात घेऊन पाहा ना. ज्याचं काम संपलं त्याले निरोप द्या. ज्याचं काम हाये तो राहू द्या."

मी हुंड्याचा नेम सांगितला. तुळशीरामजी लगेच म्हणाले, "तो राहू द्या. तो आमचाही हाये." माझ्या छातीवरचा दगड उतरला. ज्यांच्या रागाने चहा सोडला ते केव्हाच गेले होते. हुंड्याचा नेम ज्या मुलीसाठी होता ती मात्र पुण्यात माझी वाट पाहत होती.

मग कप आला. पहिल्या घोटाला जीभ भाजली. दुसरा गोड लागला. तिसऱ्यानंतर मी आणखी आहे का म्हणून विचारलं, आणि आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "सोडल्याच्या जागी एक नवा नेम धरा," त्यांनी बजावलं. "घाई नाई. सुचन तवा धरा. पन आपल्या घरच्या कामाचा धरा."

दुसऱ्या दिवशी निघताना तुळशीरामजी नांदुऱ्यापर्यंत आले. गाडी आली तसा त्यांनी फेटा सारखा केला आणि माझ्यामागून डब्यात चढले. "मलकापूरलोक (मलकापूरपर्यंत) येतो," ते म्हणाले. खिडकीचा गज त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. बॅग सुपडाने ठेवली होती. मी ठेवू दिली होती.

वडनेरचा शिवार आला. रुळाच्या कडेला निंब दिसला, त्याखाली कालची राख दिसली, आणि कपाशीत उभ्या असलेल्या आत्याबाई दिसल्या. त्यांनी हात वर केला. तुळशीरामजी उभेच राहिले.

"मास्तर, हे माहं वावर," ते म्हणाले. "जनम गेला तिथं. कडा सारी तनानं भरली हाये. तिथून कधी दिसलीच नाई." गाडी पुढे गेली तरी ते मान वळवून पाहत होते. मलकापूरला उतरताना त्यांचे डोळे ओले होते. "लग्नाले येतो. गाडीनंच येतो," ते म्हणाले.

पुण्याला घरी पोचलो. सुधा दारातच होती. "होकार दिला," मी म्हणालो, आणि ती आता मात्र खळखळून हसली. मी खुर्चीत बसलो, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "चहा टाका."

इंदिराने सुधाकडे पाहिलं. सुधाने छताकडे पाहिलं. काही न विचारता इंदिरा आत गेली आणि जरा वेळाने कप घेऊन आली. चहा उत्तम होता. फारच उत्तम होता. आलं, साखर, सगळं बेताचं. नवख्या हाताला असा चहा जमत नाही.

"आपल्या घरात चहा आला कुठून?" मी विचारलं.

"तुम्ही शाळेत गेलात, की होतो," इंदिरा म्हणाली. "तांदळाच्या डब्यामागे पूड असते. तुम्ही यायच्या आत कप राखेने घासून ठेवतो. वास लागला तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मला रागवायचं होतं, पण जमेना. इतकी वर्षं नेम मी पाळतो अशी माझी समजूत होती. मी नुसता चहा पीत नव्हतो. माझा नेम मोडला असं मला वाटू नये म्हणून रोज राख घेऊन कप घासत होत्या त्या या दोघी. "उद्यापासून उघड प्या," मी कसाबसा म्हणालो. नवा नेम मला त्याच वेळी सुचला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो आणि नव्या नेमाप्रमाणे पायरीवरच थांबून मोठ्याने हाक मारली, "मी आलोय गं!" आतून एकदम भांड्यांची खडखड झाली, कागद चुरगळल्याचा आवाज आला, सुधाचं दबलेलं हसू ऐकू आलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, म्हणजे बाजारच्याच, कांदाभज्यांचा वास थेट पायरीपर्यंत आला होता. मी दाराकडे पाठ केली आणि चपला अगदी सावकाश काढू लागलो.