बांधावरचा हात

माझी जीभ तिखट आहे, हे सासूला आठ दिवसांत कळलं. नवऱ्याला चार वर्षं लागली, तो बिचारा गरीब स्वभावाचा. त्याच जिभेनं मी एकदा एका पाद्र्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. आमचा वाडा, म्हणजे वस्ती, सर्वणच्या बाजूला, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर. पावसाळी भात कापून झालं की आम्ही वायंगणाच्या, म्हणजे दुसऱ्या भाताच्या, मागे लागायचो. त्याला पाणी हवं, म्हणून दरवर्षी सगळ्यांनी मिळून व्हाळावर बांध घालायचा. पुढच्या पावसात तो वाहून जायचा आणि आम्ही पुन्हा घालायचो. घरटी एक हात द्यायचा, म्हणजे एक पुरुष. ज्या घराचा हात नाही, त्या घराला पाणी नाही. यात कुणाची गय नव्हती.

त्या वर्षी माझा नवरा पाळी गावच्या खाणीवर ट्रकवरून पडला आणि पाय मोडून घरात बसला. बदली मजूर शोधून माझे पाय झिजले. सावंतवाडीकडून येणारे लोक आधी शेतावर थांबायचे, आता ते सरळ खाणीवर जात होते. शेवटी मी गांवकाराकडे गेले. बांधाचा कारभार त्याच्या हातात, माणूस वाईट नव्हे, पण रिवाजाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही.

"मी येतंय बांधार," मी म्हटलं.

"बायलेचो हात मोजूचो रिवाज नाय गो," तो म्हणाला. "तू माती वाह."

माती तर आम्ही बायका दरवर्षीच वाहायचो. दिवसभर टोपल्या उचलून मान मोडायची, पण ते मोजायचं नाही! माझा तरवा, म्हणजे भाताची रोपं, वीतभर वर आला होता. पाणी मिळालं नाही तर तो जागच्या जागी पिवळा पडणार, आणि घरात कमावणारा एकही नाही. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

त्याच संतापात पाद्री सापडला. पलीकडच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, तो नवीनच आला होता. दक्षिण गोव्यातल्या साष्टीकडचा, काळासावळा, चाळिशीचा. आजारी माणूस हिंदू का ख्रिस्ती हे न बघता घरोघर जायचा. आमच्याकडे आला, नवऱ्याच्या बाजूला जमिनीवरच बसला, त्याच्याशी गोड गोड बोलला. मी चहाचा कप त्याच्यापुढे आदळला.

"पाद्रीबाब, बोलून पाय बरा होत नाय आणि शेत भिजत नाय. माका बांधार माणूस व्हयो."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. पाद्र्याने चहा संपवला आणि विचारलं, "केन्ना?"

"सोमवारी."

"येतां," तो म्हणाला आणि गेला. मला वाटलं, तोंडदेखलं बोलला.

सोमवारी सकाळी अर्धी चड्डी आणि विटका बनियन घालून तो हजर! गांवकार घरं पुकारत होता. पाद्र्याला बघून त्याने घाईघाईने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दगडावर त्याला बसायला पसरला. कपेलाचं तिथे एक लहानसं शेत होतं, त्याचाही हात लागायचा. तिथे दरवर्षी मजूर यायचा, यंदा तोही खाणीवर गेला होता.

"पाद्रीबाब, तुम्ही कपेलाचो हात, न्हय?"

"न्हय. हांव ह्या वैनीगेल्या घरचो. काम तीच सांगतली."

लोक हसले. माझ्या अंगाची लाही झाली. थट्टा करतोय की काय माझी? कपेल सांभाळणारा म्हातारा धावत आला. "पाद्री, आणि आमचं शेत? एक माणूस दोन घरांत मोजत नाहीत! आणि तुम्ही चिखलात उतरणार? लोक काय म्हणतील?"

पाद्री म्हणाला, "आमच्या धन्यान शिष्यांचे पांय धुयले. हांव फकत चिखल माखतां." आणि उतरला.

पण काम? अरे देवा! साष्टीची माती चिकट, तिचा गोळा ठेवला की बसतो. आमच्यात रेती. नुसती टाकली तर साखरेसारखी विरघळते. आधी झाडाचे टाळे, म्हणजे पानांसकट फांद्या, मग माती, मग पायाने दाब, असे थर लावायचे असतात. हा आपला गोळ्यावर गोळे ठेवत होता आणि पाणी ते खात होतं. पुरुष गालात हसायचे, पण पाद्र्याला चूक कोण सांगणार?

मी सांगितली. काठावरून ओरडले, "पाद्रीबाब, तो बांध आसा, पाव न्हय, नुसतो थापून फुगाचो नाय! टाळे घाला आधी!"

गांवकाराने डोळे वटारले. पाद्र्याने केलेलं सगळं स्वतःच्या हाताने उपसून काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "परत सांग, वैनी. सवकास." मी सांगत गेले, तो करत गेला. तासाभराने बाजूचे दोघे तिघे पुरुषही मलाच विचारू लागले, इथे किती टाळे, तिथे किती माती. मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुपारनंतर मधली फट बुजवायची वेळ आली. सगळं पाणी तिथूनच जातं, म्हणून ती शेवटी ठेवतात. पाद्री फटीत पाठ देऊन उभा राहिला. दोनदा माती गेली. तिसऱ्यांदा त्याचा पाय सरकला आणि बांधाची कड ढासळायला लागली. सगळे नुसते ओरडत होते. मी साडीचा काष्टा मारला आणि उडी टाकली. त्याने पाणी अडवलं, मी पायाखाली टाळे कोंबले, माती दाबली, पुन्हा टाळे, पुन्हा माती. वरून टोपल्या येत राहिल्या. पाणी छातीपर्यंत चढलं, आणि थांबलं. बांध राहिला!

संध्याकाळी मोजणी झाली. गांवकाराने माझ्या घराचं नाव घेतलं, पाद्र्याकडे बोट केलं, "एक हात. पाणी आसा." मग म्हणाला, "कपेल. हात नाय. पाणी नाय." पाद्र्याने मान हलवली. "बरोबर," म्हणाला. त्याला सकाळपासून ठाऊक होतं.

मी पुढे झाले. केसांतून चिखल गळत होता.

"गांवकारदादा, मोजणी चुकली. पाद्रीबाब कपेलाचे. माझ्या घरचो हात मी."

"गो, बायलेचो..."

"फट कोणी बुजवली? तुम्ही बघितली मां? नसली बघितली तर माझी माती काढून घेतंय. बघूया बांध ऱ्हवता काय!"

कुणीतरी खोकलं. मागून एक बाई म्हणाली, "खरां ता." मग दुसरी म्हणाली, मग सगळ्याच. गांवकाराने फटीपाशी जाऊन माती पायाने दाबून बघितली. पाद्री बाजूला झाला. माझ्यासाठी एक शब्द बोलला नाही. ते माझं मलाच बोलायचं होतं, आणि मी बोलले होते.

"दोन," गांवकार म्हणाला. "कपेलाचो एक. हिच्या घरचो एक. हिचो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच माझ्या शेतात पाणी शिरलं. मी घरी धावले, नवऱ्याला खांद्याचा आधार देऊन शेतापर्यंत आणलं आणि म्हटलं, "बघ, माझ्या हाताचां पाणी!"

पुढच्या वर्षी नवऱ्याचा पाय बरा झाला होता. गांवकाराने आमचं घर पुकारलं तेव्हा तो उठायला लागला. मी त्याला खाली बसवलं आणि म्हटलं, "हजर!"