कल्याण ते ठाणे, चिखलमार्गे

आमच्या मंडळातल्या बायका लेहला जाऊन आल्या, अंदमानला जाऊन आल्या, आणि आल्यावर प्रत्येकीने लिहून वाचून दाखवलं. मी डोंबिवलीहून कल्याणला गेले, तिथून दिव्याला, तिथून ठाण्याला, आणि संध्याकाळी घरी. बघितलं काय, तर चिखल. पण हौस मलाही आहे, तेव्हा ऐकून घ्या.

निमित्त माझी नात, मुक्ता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या सरांनी तिला खाडीच्या पाण्याच्या संशोधनात घेतलं, आणि तेव्हापासून पोरगी नोकरीचं नाव काढेना. एका कंपनीची शेवटची मुलाखत या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी होती, नोकरी जवळजवळ हातात. आणि ही म्हणे, "मला पुढे संशोधनच करायचंय बहुतेक." त्या 'बहुतेक'पायी तिच्या बापाने, माझ्या अनिलने, मला कामाला लावलं. "आई, तुझं ऐकते ती. एक दिवस जा तिच्याबरोबर आणि वाटेत समजाव." मी तयारच होते. सल्ला द्यायला मला आमंत्रण लागत नाही.

मुक्ताच्या वर्गातला सिद्धेश त्याच्या काकांची व्हॅन घेऊन आला. मी छत्री, थर्मास, गुडघ्याचं तेल आणि शाल घेऊन खाली उतरले.

"आजी, मुक्कामाला नाही चाललोय आपण," तो म्हणाला.

पहिला थांबा कल्याणला, दुर्गाडी किल्ल्याखाली. उल्हास नदीची इथे खाडी होते, असं मुक्ताने सांगितलं. इतकी वर्षं तिथल्या पुलावरून जाते मी, मला वाटायचं लोक एकाच पाण्याला आपापल्या सोयीने नाव देतात. ओहोटी लागली होती. मुक्ता काठावर बसून बाटल्या भरत होती. साबण-सांडपाण्यातून फॉस्फेट नावाचा क्षार खाडीत किती येतो, ते तिला मोजायचं होतं. मग एका बाटलीत तिने कॅनमधून आणलेलं शुद्ध पाणी ओतलं.

"हे कशाला? खाडी कमी पडली?"

"ही कोरी बाटली, आजी. हिच्यात काहीच सापडायला नको. सापडलं तर चूक आमची."

मी संधी साधली. "मुक्ता, नोकरीचं कसं असतं बघ..."

"आजी, ही बाटली धर. सरळ धर."

दिव्याला इमारतींची दाटी, टँकरपुढे हंड्यांची रांग, आणि त्या सगळ्यामागे अचानक खाजण (भरतीचं पाणी शिरतं ती दलदल). इथे मी दुसऱ्यांदा सल्ला द्यायला पुढे झाले आणि पाय पोटरीपर्यंत आत गेला. जितकी धडपड करावी तितकी मी खाली. खेकडे धरायला आलेली एक कोळीण कमरेवर हात ठेवून बघत होती.

"कं गो बय, निवट्या धराला उतरलीस कं?" निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. माझ्या आजूबाजूला चारदोन होत्याच, आणि माझ्यापेक्षा बऱ्या चालत होत्या.

"नातीला समजवायला आलेय," मी म्हटलं.

"मंग पयली भायेर तर ये." तिने मला काखेत धरून उपटलं. चप्पल आतच राहिली. आम्ही वर निघताना तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हातावर ठेवली. लेहमध्ये बायकांना काय मिळालं असेल ते असो, असली चटणी नक्की नव्हती.

मुंब्र्याच्या बायपासला गाड्या जागच्या हलेनात. भाकरी खाता खाता मी तिसऱ्यांदा विषय काढला. या वेळी मुक्ता बोलली.

"आजी, कॉलेजातल्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच माहीत असतं. आम्ही सगळे उत्तरावरून उलटं जाऊन रीडिंग लिहितो. तीन वर्षं तेच केलं. मला वाटायचं, हेच इंजिनिअरिंग. या खाडीचं उत्तर मात्र सरांनाही माहीत नाही."

सल्ला मी भाकरीबरोबर गिळला. मी चटणी संपवली.

ठाण्याला चेंदणीच्या बंदरावर शेवटच्या बाटल्या भरल्या आणि वर्तकनगरच्या पुढे त्यांच्या कॉलेजात पोचलो. प्रयोगशाळेत मी एका पायात सिद्धेशची स्लिपर घालून बसले. त्यांनी पाण्यात कसलीशी औषधं घातली. पाणी जितकं निळं, तितकं फॉस्फेट जास्त. नळ्या एकेक करत निळ्या झाल्या. कोरी बाटलीही झाली, चांगली गडद.

मुक्ताचा चेहरा उतरला. "म्हणजे आधीचं सगळंही चुकलं असेल?"

मी आपली धीर द्यायला म्हटलं, "बाटल्यांचा दोष नसणार हं. बाल्कनीत कसल्या वास मारत होत्या, पहाटे मी सगळ्या कपड्याच्या पावडरने खळखळून काढल्यात."

सिद्धेशने हातातली नळी खाली ठेवली.

"त्या ॲसिडने धुतल्या होत्या, आजी," मुक्ता हळूच म्हणाली. फॉस्फेट शोधायला निघालेल्या पोरीला मी ते घरूनच बांधून दिलं होतं.

सिद्धेश म्हणाला, "कोऱ्या बाटलीचा आकडा सगळ्यांतून वजा करून टाक ना. कोणाला कळणारे?"

"प्रत्येक बाटलीत साबण सारखाच राहिला असेल कशावरून?" तिने दिवसभराच्या आकड्यांवर काट मारली. "उद्याच्या ओहोटीला परत जायचं."

उद्याची ओहोटी नेमकी मुलाखतीच्या वेळेला होती. मी म्हटलं, तू मुलाखतीला जा, बाटल्या मी भरते. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग बाहेर जाऊन तिने कंपनीला फोन केला, दुसरा दिवस मिळेल का विचारलं. मिळणार नव्हता. "मग राहू दे," म्हणाली आणि आत येऊन बाटल्या ॲसिडमध्ये बुडवायला लागली.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली होती. अनिल दारातच उभा. "समजावलंस?"

मी सगळं सांगितलं, साबणासकट.

"तुला पाठवलं नसतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

"तेही खरंच," मी म्हटलं. "पण तिला ते आकडे खपवता आले असते रे. कोणी विचारलं नसतं. तिने काट मारली. अशा पोरीला कुठल्या तोंडाने समजावू?"

तो आत गेला. दिवसभर फिरून माझी समजूत एवढीच पुढे सरकली: काय शिकायचं ते पोरांना आपण सांगतो, पण कशाला नाही म्हणायचं ते ती कामातच शिकतात.

सकाळी सिद्धेशला व्हॅन मिळाली नाही. अनिल चडफडत म्हणाला, "चल, मी सोडतो. फक्त सोडतो." मला दोघांनीही घरीच बसवलं. दुपारी परतला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. नोकरीबद्दल अजून नाराजच आहे, तसं स्पष्ट म्हणालाही. पण रात्री जेवताना पाणी निळं का होतं ते तो मला समजावत होता. दोनदा चुकला. मुक्ताने दोनदा दुरुस्त केलं, आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.