कॉइलवरचा करंडा

गाडी चालता चालता चार्ज व्हावी म्हणून झूटरमेर या डच गावाजवळच्या एका बंद रस्त्याच्या पोटात आम्ही तांब्याच्या कॉइल्स पुरल्या होत्या. त्या प्रकल्पावर माझी नोकरी, नोकरीवर इथे राहायचा परवाना आणि माझ्या परवान्यावर नवरा आणि लेक. नुसती उतरंड!

मला मात्र पुण्याला परत जायचं होतं. आई तिथे एकटी होती आणि इथे माझा जीव घुसमटायचा. पण नवऱ्याचा जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय जवळच्या रायस्वाइकमध्ये नुकता कुठे मार्गी लागलेला. मराठीत विचारलं तरी लेक डचमध्येच उत्तर देणार. 'परत जाऊया' म्हणायची सोयच नव्हती. प्रकल्पच बंद पडला तर, असं मी गुपचूप घोकत असे. मग निर्णय माझा नसता.

नगरपालिकेचे लोक प्रात्यक्षिक बघायला आले ते नेमके दसऱ्याला. त्यांना पटलं तर काम पुढे, नाहीतर आम्हा सगळ्यांना नारळ. सकाळी लवकर जाऊन मी टेस्टच्या गाडीची पूजा केली. हळदकुंकू, सुपरमार्केटातली शेवंती, चाकांखाली लिंबं.

“लिंबं कशाला?” साहेबाने विचारलं.

“सेफ्टी,” मी म्हटलं.

पाहुण्यांसमोर गाडी निघाली. पडद्यावरचा आकडा चढला आणि मध्येच शून्यावर आला. दुसऱ्या फेरीतही तिथेच. कॉइलवर धातूची वस्तू पडली की ती तापू नये म्हणून तेवढा तुकडा आपोआप बंद होतो. मी रस्ता बघायला गेले. बाकीचे लॅपटॉपमध्ये डोकी घालून बसले होते.

सकाळी पूजेला गाडी उभी केली होती तिथेच, ओल्या पानांखाली, माझा कुंकवाचा स्टीलचा करंडा पडला होता.

कोणालाच दिसला नव्हता. पाहुणे घड्याळं बघू लागले होते. मी नुसती पुढे गेले असते तरी भागलं असतं. कित्येक वर्षांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं मला.

मग डब्यांच्या पिशव्या सायकलला अडकवणारा नवरा डोळ्यांसमोर आला. मी वाकले, करंडा खिशात टाकला आणि ओरडले, “ट्राय अगेन!”

आकडा चढतच राहिला. टाळ्या पडल्या. साहेबाने तर उरलेलं लिंबू आठवण म्हणून मागून घेतलं.

संध्याकाळी आईला फोन केला.

“गाडीची पूजा केली होतीस ना? बघ, फळाला आली,” ती म्हणाली. मग, “म्हणजे आता इतक्यात येणं नाही.”

“नाही,” मी म्हटलं.