पाचवी लोंबी

बासष्ट सालच्या त्या आश्विनात आमच्या गल्लीत रेडिओ एकच होता, शेजारच्या वकिलांकडे, आणि अख्खी गल्ली त्याला कान लावून बसलेली असे. उत्तरेच्या सरहद्दीवर लढाई पेटली होती. माझा थोरला भाऊ, अण्णा, फौजेत, तिकडेच कुठेतरी होता आणि महिनाभर त्याचं पत्र नव्हतं. अप्पा दिवसातून तीनदा बातम्या ऐकून येत आणि आईला सांगत, "विशेष काही नाही." त्यांना खोटं इतकं वाईट बोलता येई की मला दहा वर्षांच्या पोरीलाही त्यांची कीव यायची. आई मान हलवून चुलीकडे वळे.

अशात कुरुवैची मिरवणूक आली. कुरुवै म्हणजे आमच्या कावेरीकाठचं लवकर तयार होणारं भात. कापणी उरकली की आसपासच्या खेड्यांतल्या बैलगाड्या नवं भात देवाला वाहायला तंजावरात येत. घरात जितकी माणसं तितक्या लोंब्या गाडीवाला वाटेत प्रत्येक घराला देई, आणि आम्ही त्या आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधत असू. दरवर्षी त्या मागायला आई जायची. त्या वर्षी ती म्हणाली, "मला नाही होत. तूंच जा गे."

मी एका पायावर तयार! रंगवलेल्या शिंगांचे बैल, नादस्वराची सनई, तविलचा ढोल आणि कमरेला लाकडी घोडे बांधून नाचणारे ते उंच काठ्यांवरचे लोक. गाडीवाल्याने विचारलं, "घरात किती जण?" माझा जीव त्या घोड्यांत अडकलेला. सकाळी जेवायला मांडलेली पानं तेवढी आठवली आणि मी म्हटलं, "चार."

घरी आईने लोंब्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"चारच कां गे आणलीस? अण्णा या घरचा नव्हे?"

मी काय करून बसले ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं आणि मी भोकाड पसरलं. धाकटी बहीणही उगाच माझ्याबरोबर रडू लागली. आई मात्र तशीच अनवाणी रस्त्यावर धावली.

तोवर गाडी पुढे गेलेली आणि मध्ये लाकडी घोडे. आई डावीकडे वळली की एक घोडा डावीकडे, उजवीकडे वळली की उजवीकडे. शेवटी त्या घोड्याने मान लववून तिला असा झोकदार मुजरा केला की आई खळखळून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा! वकील ओट्यावर येऊन टाळ्या पिटत होते, अप्पाही त्यांच्या शेजारी उभे राहून हसत होते. आत बातम्या लागल्या होत्या आणि त्या कोणीच ऐकत नव्हतं. मीसुद्धा माझा गुन्हा विसरून नाचले. इतकं हलकं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

देवळाजवळ गाडी सापडली. वाटायच्या लोंब्या संपल्या होत्या, उरलेलं भात देवाचं. बैलाच्या गळ्यात तेवढी एक लोंबी बांधलेली होती. आईने हात जोडून आपली अडचण सांगितली.

"अम्मा, ही माझ्या मुलाची," गाडीवाला म्हणाला. "तोही तिकडंच आहे." मग त्याने ती लोंबी सोडली, मधोमध तोडली आणि अर्धी आईच्या हातावर ठेवली.

अण्णा उन्हाळ्यात घरी आला. पायाची दोन बोटं बर्फात गेली होती, बाकी धडधाकट होता. पुढच्या आश्विनात मिरवणुकीची वाट बघत आई सकाळपासून दारात उभी होती. गाडी आली. बैलाच्या गळ्यात काहीच नव्हतं.

"किती, अम्मा?"

"पाच," आई म्हणाली. त्याने मोजून दिल्या. मग तिने हळूच विचारलं, "तुमचा मुलगा?"

"नाही आला."

आईने पाचवी लोंबी मधोमध तोडली आणि अर्धी त्याच्या बैलाच्या गळ्यात बांधली.